परत परत ‘इनिशियलाइझ करा’ म्हणणारी सेकंडहँड हार्ड डिस्क

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. पुसून कोरी केलेली जुनी हार्ड डिस्क विकत घेतली. जोडल्याबरोबर विंडोज विचारते, इनिशियलाइझ करायची का? केली. फॉरमॅट केली, फायली भरल्या, उघडून पाहिल्या, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर पुन्हा तोच प्रश्न, नाहीतर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी पाटी. काल भरलेलं काहीच दिसत नाही.

मी अशा तीन डिस्का घेतल्या आणि तिन्हींनी मला वेगवेगळ्या कारणांनी नाचवलं. घेतल्या त्या नाटकांसाठी. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या आसपास जत्रेला, कालोत्सवाला गावची मंडळी मराठी नाटक करतात आणि गेली काही वर्षं मी ती कॅमेऱ्यात धरून ठेवतो. रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. २४ मेगाबिटने रेकॉर्डिंग केलं तर तासाला सुमारे ११ जीबी होतात, म्हणजे पाच तासांचं नाटक ५४ जीबीच्या घरात. दोन हंगामांत लॅपटॉप तुडुंब. नव्या डिस्कचा भाव पाहून म्हापशाला एका दुकानातून तीन जुन्या उचलल्या: ५०० जीबीची अडीच इंची, लॅपटॉपमधली, १ टीबीची साडेतीन इंची, किनाऱ्याकडच्या एका हॉटेलच्या सीसीटीव्ही डीव्हीआरमधून उतरवलेली, आणि एक ३ टीबीची, जिचा पूर्वेतिहास विक्रेत्यालाही सांगता येईना. ‘पुसून दिल्यात, फक्त फॉरमॅट मारा,’ एवढंच तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा.

कोरी डिस्क दिसत का नाही

पुसलेली डिस्क फाइल एक्स्प्लोररमध्ये दिसतच नाही, आणि बरेच जण इथेच ‘मेली’ म्हणून मोकळे होतात. जमीन जागेवर असते, फक्त एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सातबारा) कुणाचं नाव नसतं, तसा हा प्रकार. डिस्कच्या अगदी सुरुवातीला पार्टिशनचा तक्ता असतो. तो पुसला गेला की विंडोजला कुठून कुठपर्यंत काय आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून ती ड्राइव्हचं अक्षर देत नाही. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे खाली ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ आणि काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ असं दिसलं तर डिस्कचा आवाज तरी कॉम्प्युटरपर्यंत पोचतोय.

आकारही तिथेच बघून घ्या. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, त्यामुळे ५०० जीबीची ४६५ दिसणार, १ टीबीची ९३१ आणि ३ टीबीची २७९४. यात चोरी नाही. पण ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली तर समजा की मधला यूएसबी अडॅप्टर जुना आहे आणि त्याला २०४८ जीबीच्या पुढे मोजता येत नाही. तो २०४८ पर्यंत मोजून पुन्हा शून्यापासून सुरू करतो आणि वर उरलेले ७४६ तेवढे दाखवतो. असल्या अडॅप्टरवर काही लिहू नका, गुंडाळून ठेवा.

पहिल्यांदाच इनिशियलाइझ करत असाल तर एमबीआर की जीपीटी (तक्ता लिहिण्याची जुनी पद्धत की नवी) असा प्रश्न येईल. जीपीटी निवडा. एमबीआर १९८३ चा आहे, २ टीबीपुढे त्याचा हात पोचत नाही. घरातला जुना टीव्ही किंवा प्लेअर जीपीटी वाचत नसेल, तेवढ्यापुरता एमबीआर. मग ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, फाइल सिस्टिम एनटीएफएस, झालं. ज्यांची गाडी इथे सुटते त्यांनी थेट शेवटच्या भागाकडे जावं, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

३ टीबीची: दोष डॉकचा, शिव्या एकमेकांना

घरी माझ्याकडे यूएसबी डॉक आहे, टोस्टरसारखा, डिस्क वरून उभी खोचायची. त्यात ३ टीबीची लावली, फॉरमॅट केली, चार नाटकं भरली आणि एडिटिंगसाठी मावसभावाकडे पाठवली. त्याचा मोठा टॉवर पीसी. त्याने डिस्क डॉकबिक न वापरता सरळ आतल्या साटा केबलला (मदरबोर्डवरून डिस्ककडे येणारी वायर) जोडली. अर्ध्या तासात फोन.

‘अरे, रिकामी कसली पाठवलीस? फॉरमॅट करा म्हणतेय.’

मी म्हटलं, वाटेत धक्का बसला असेल, मार फॉरमॅट, कार्डं अजून पुसलेली नाहीत. त्याने फॉरमॅट केली, आपल्याकडचं काम तिच्यात भरून परत पाठवली. मी डॉकमध्ये लावली तर माझ्याकडे ‘फॉरमॅट करा’. मी केली. त्याचं काम गेलं. असं तीन वेळा झालं. त्याला वाटे मी काहीतरी बिघडवतो, मला वाटे तो. शेवटी दोघांनी मिळून दुकानदाराला दोष दिला, आणि त्याचा बिचाऱ्याचा यात काडीचा संबंध नव्हता.

गोची अशी होती. डिस्क आपल्या जागेचे छोटे छोटे कप्पे सांगते, त्यांना सेक्टर म्हणतात, आणि तो कप्पा ५१२ बाइटचा असल्याचं ती बाहेर सांगते. काही डॉक आणि एन्क्लोजर (डिस्क आत घालायच्या यूएसबी डब्या) मात्र मधल्या मध्ये हा आकडा बदलून कॉम्प्युटरला ४०९६ सांगतात. का, तर जुन्या ३२ बिट विंडोज एक्सपीला जीपीटी वाचता येत नसे. कप्पा आठपट मोठा सांगितला की एमबीआरची मर्यादाही आठपट वाढते आणि मोठी डिस्क तिथेही चालते. एक्सपी गेली, सवय राहिली. २ टीबीवरच्या डिस्का लावल्यावरच हा खेळ करणारे डॉक जास्त आढळतात.

आता बघा. जीपीटीचा तक्ता दुसऱ्या कप्प्यात लिहिला जातो. डॉकमधून लिहिला तर तो ४०९६ व्या बाइटपासून सुरू होतो. तीच डिस्क थेट साटाला लावली की कॉम्प्युटर दुसरा कप्पा शोधायला ५१२ व्या बाइटवर जातो आणि तिथे त्याला काही सापडत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये कधी ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ दिसतं, कधी फाइल सिस्टिमच्या जागी ‘रॉ’, कधी नुसती फॉरमॅटची पाटी. माल आत शाबूत असतो, पत्ता चुकलेला असतो.

खात्री करायला एक मिनिट लागतं. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा, त्यात कॉम्पोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स असे आत जा आणि आपल्या डिस्कपुढे ‘बाइट्स/सेक्टर’ किती लिहिलंय ते बघा. माझ्या डॉकमध्ये ४०९६, भावाच्या टॉवरमध्ये ५१२. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर तीन आठवड्यांचं भांडण मिटलं.

उपाय दोनच. डिस्कला एक घर ठरवून द्या आणि तिथेच फॉरमॅट करून तिथेच वापरा. किंवा ५१२ तसेच पुढे सांगणारा दुसरा डॉक घ्या. मी तेच केलं. घेताना दुकानातच लॅपटॉपवर हा आकडा तपासला, दुकानदार विचित्र नजरेने बघत होता, बघू दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आधी चालणारी डिस्क अचानक फॉरमॅट मागू लागली तर ‘ओके’ दाबू नका. ज्या डॉकमध्ये किंवा ज्या मशीनमध्ये ती फॉरमॅट केली होती, तिथेच एकदा लावून पाहा. आमची पहिल्याच वेळी तशी लावली असती तर सगळं तिथेच दिसलं असतं.

याच घराण्यातला आणखी एक त्रास. तयार एक्स्टर्नल डिस्कचं प्लास्टिक फोडून आतली डिस्क काढून विकतात. त्यातल्या काहींच्या मूळ यूएसबी सर्किटमध्ये एन्क्रिप्शन असतं, त्यामुळे त्या सर्किटशिवाय आतला जुना डेटा वाचता येत नाही. कोरी करून वापरायला त्याची अडचण नाही. मात्र मोठ्या क्षमतेच्या अशा काही डिस्का जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत, कारण साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनला ३.३ व्होल्ट मिळाले की ‘बंद राहा’ असा त्या अर्थ घेतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणारी पिवळसर चिकटपट्टी) बारीक पट्टी लावली की सुरू होतात. टेप लावताना चष्मा लावा, पिना फार बारीक असतात.

५०० जीबीची: मधेच गायब

ही कुठेही जोडा, दिसायची. फाइल कॉपी करायला घेतली की पाच-सात मिनिटांत ‘टक्’ आवाज, आणि ड्राइव्ह नाहीसा. परत यायची ती कधी बरी, कधी ‘इनिशियलाइझ करा’ म्हणत. मी विंडोजचं डिस्कपार्ट हे टूल चालवलं, ड्रायव्हर बदलले, एक रविवार त्यात घातला. मग डिचोलीच्याच एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे नेली. त्याने ती कानाशी धरली, दोनदा जोडली, काढली.

‘डिस्क बरी आसा. पावर येना.’

दोन वाक्यांत निदान. अडीच इंची डिस्क सगळी वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतं, ३.० पोर्ट ९००. डिस्कच्या लेबलवर लिहिलेला आकडा चालू असतानाचा. थांबलेली थाळी फिरवायला घेताना ती त्याहून जास्त ओढते. माझी केबल लांब होती, पोर्ट कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं होतं, जिथे आत आणखी एक वायर मदरबोर्डपर्यंत जाते. तेवढ्यात व्होल्टेज पडायचं, डिस्कचं हेड घाबरून बाजूला जायचं, तोच तो ‘टक्’. लिहिता लिहिता वीज गेली तर पार्टिशनच्या तक्त्याचं काय होणार ते सांगायला नको.

मागच्या पोर्टला, वीतभर केबलने जोडली. त्या दिवसापासून एकदाही गेली नाही. मागचं पोर्टही कमी पडलं तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळतच नाहीत, म्हणून तिच्या डॉकला वेगळा अडॅप्टर असतो आणि तो अडॅप्टर म्हातारा झाला की अगदी हीच लक्षणं दिसतात. मल्टिमीटर असेल तर डिस्क फिरत असताना मोजा, ११.४ च्या खाली गेला तर नवा आणा.

डिस्क आजारी की वाट खराब, हे ओळखायला विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर कामाला येतं आणि ते फारसं कुणी उघडत नाही. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि ‘डिस्क’ या नावाने आलेल्या नोंदींचे आकडे वाचा. १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली; तुम्ही हात लावला नसताना ही नोंद असेल तर वीज, केबल किंवा डॉक. ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, तिथेही आधी केबल. १५३ म्हणजे वाचायला-लिहायला पुन्हा प्रयत्न करावा लागला, हे दोन्ही बाजूंनी असू शकतं. आणि ७ म्हणजे खराब ब्लॉक. सात दिसला की संशय डिस्कवरच.

इनिशियलाइझच होत नाही

काही वेळा गाडी पहिल्याच पायरीवर अडते: इनिशियलाइझ म्हटलं की ‘आय/ओ एरर’ किंवा ‘राइट प्रोटेक्टेड’. केबल आणि वीज ठीक असल्याची खात्री झाली असेल तर मग डिस्कपार्ट. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट टाइप करा, मग ‘लिस्ट डिस्क’. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, इथे उच्चार लिहितोय.) यादीत आपली डिस्क आकारावरून ओळखा. ० क्रमांक बहुधा विंडोजचाच असतो, त्याला हात लावायचा नाही. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि क्रमांक दिला की पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ करा. निवडलेल्या डिस्कपुढे चांदणी दिसते. ती चांदणी योग्य ओळीवर आहे हे मी मोठ्याने वाचतो, बायको हसते, तरी वाचतो. कारण पुढची कमांड ‘क्लीन’ काही विचारत नाही, थेट पुसते.

राइट प्रोटेक्टची तक्रार असेल तर क्लीनच्या आधी ‘अॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’. डिस्क ऑफलाइन दिसत असेल तर ‘ऑनलाइन डिस्क’. मग ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक’, ‘असाइन’. ‘क्लीन’ पार्टिशनची माहितीच तेवढी पुसते, तर ‘क्लीन ऑल’ प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते आणि तासन्‌तास घेते.

क्लीनही एरर देत असेल आणि डिस्कची तब्येत सांगणारे आकडे मात्र व्यवस्थित वाचता येत असतील, तर एक कमी माहितीतली शक्यता आहे: डिस्क पासवर्डने कुलूपबंद आहे. डिस्क पुसण्याची एक पद्धत ‘सिक्युअर इरेज’ नावाची, ती डिस्कच्याच फर्मवेअरकडून (आतल्या सॉफ्टवेअरकडून) करून घेतात. त्यासाठी आधी डिस्कला तात्पुरता पासवर्ड लावावा लागतो. पुसून पूर्ण झालं की तो आपोआप निघतो. आता पुसता पुसता मध्येच वीज गेली, तर डिस्क कुलूप लावूनच बसते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कशी येते-जाते ते सांगायला नकोच. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘एचडीपार्म’ या कमांडला ‘आय’ (मोठं अक्षर) हा पर्याय देऊन डिस्कची माहिती काढा. शेवटी ‘सिक्युरिटी’च्या खाली ‘लॉक्ड’ शब्दाआधी ‘नॉट’ नसेल तर कुलूप आहे. विक्रेत्याला विचारा, कुठल्या टूलने पुसली. ते टूल ठरावीक पासवर्ड वापरतं, तो दिला की कुलूप उघडतं आणि पुसणं पूर्ण करता येतं. हे काम यूएसबीवरून करू नका, थेट साटाला जोडून करा. विक्रेत्याला काही सांगता येत नसेल तर डिस्क परत द्या.

सर्व्हरमधून काढलेल्या काही डिस्का ५२० बाइटच्या सेक्टरवर फॉरमॅट केलेल्या असतात, त्या विंडोजला पचत नाहीत. त्या बहुधा ‘सास’ जातीच्या, कनेक्टरमधली खाच भरलेली असते, त्यामुळे साध्या साटा केबलला लागणारच नाहीत. स्वस्त दिसल्या तरी घरच्या कामाला घेऊ नका.

१ टीबीची: आकडे वाचताना

डीव्हीआरमधली ही डिस्क मला सर्वांत निरुपद्रवी वाटली होती, आणि तिनेच मला खरं शिकवलं. आधी तिचं सर्किट. किनाऱ्यावरची खारी हवा, त्यात डीव्हीआर कुठेतरी जिन्याखाली कोंडलेला. कनेक्टरच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. उलटी करून टॉर्क्सचे स्क्रू काढले (माझ्या डिस्कला टी-६ लागला) आणि हिरवा बोर्ड उचलला, तर आत जिथे हेडचा कनेक्टर टेकतो ते चकचकीत ठिपके कोळशासारखे. शाळेतलं पांढरं खोडरबर हलकेच फिरवलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, वाळवून परत बसवलं. ठिपके टाकीला कल्हई केल्यासारखे उजळले. एवढं घरी करता येतं. वरचं झाकण मात्र उघडायचं नाही, आणि झाकणावरच्या बारीक भोकावर स्टिकर चिकटवायचा नाही. ते हवेसाठी आहे. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून बसवायची आयडियाही कुणी देईल. बोर्डावर त्या एकाच डिस्कसाठी जुळवलेली माहिती साठवलेली असते, म्हणून नुसता बोर्ड बदलून बहुधा काही होत नाही.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत सांगणारे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे. निळा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे निरोप. दुकानात निळाच होता. ‘पॉवर ऑन अवर्स’ सुमारे ३१,०००. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड फिरलेली. डीव्हीआरला सुट्टी नसते, त्यामुळे हे अपेक्षितच. ५ क्रमांकाची नोंद, म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर: ०. १९७, म्हणजे संशयित सेक्टर: ०. मी खूश.

इथे फसायला होतं. १९७ मध्ये मोजले जातात ते वाचता न आलेले सेक्टर. त्यांच्यावर नव्याने काही लिहिलं की डिस्क तो सेक्टर एकतर बरा धरते, नाहीतर बदलून टाकते, आणि १९७ चा आकडा खाली येतो. विक्रेत्याने डिस्क पुसली म्हणजे प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं. त्यामुळे नुकत्याच पुसलेल्या डिस्कचा १९७ शून्य असणारच! तो डिस्कच्या तब्येतीचा दाखला नाही, नुकत्याच मारलेल्या रंगाचा आहे. भिंतीची ओल पुढच्या पावसात कळते, तशी ही पुढच्या वाचनात.

म्हणून पूर्ण लिहून, पूर्ण वाचून घ्या. विंडोजवर ‘क्विक’ची खूण काढून केलेला फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्य लिहितो, व्हिस्टापासून असं आहे. माझ्या मते त्याहून बरं एच२टेस्टडब्ल्यू: ते डिस्क भरून फायली लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. लिनक्सवाल्यांना ‘बॅडब्लॉक्स’ हे तपासणीचं टूल ठाऊक असेलच. त्याची लिहिण्याची चाचणी चार वेगवेगळ्या नमुन्यांनी लिहिते आणि दर वेळी वाचते, १ टीबीला जवळजवळ एक दिवस घेते. त्यावरचं सगळं जातं, हे लक्षात ठेवा. आणि ही कामं यूएसबी २.० वर करू नका. तासाभराचं काम नव्हेच ते. तिथे १ टीबी एकदा लिहायलाच आठ तास जातात, थेट साटावर सव्वादोन-अडीच.

माझ्या १ टीबीची पहिली फेरी संपली तेव्हा १९७ वर १८ दिसलं. बरोबर वाचलंत, पण ते अठरा नव्हतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतं, बारा आकड्यांची शून्यं-शून्यं असलेली पट्टी. सोळाच्या पद्धतीतलं १८ म्हणजे आपले २४. फंक्शनच्या मेनूत, अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये, ‘रॉ व्हॅल्यूज’खाली दहाची पद्धत निवडून ठेवा, म्हणजे अशी फसगत होत नाही. २४ हा आकडाही बोलका आहे: आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा, त्यात ५१२ चे आठ, म्हणून हे आकडे बहुतेकदा आठाच्या पटीत वाढतात. तीन जागा खराब.

दुसरी फेरी. १९७ शून्यावर आला, ५ क्रमांकावर १६ चढले. म्हणजे दोन जागा बाद होऊन बदलल्या, एक लिहिल्यावर बरी निघाली. तिसरी फेरी: १६. आठवड्याने चौथी: १६. हा आकडा जागच्या जागी थांबला तर डिस्क दुय्यम कॉपीसाठी चालते. दर फेरीला चढत गेला तर कितीही स्वस्त मिळाली असली तरी ती गेली असंच धरायचं. यात माझं गणित साधं आहे: १६ ला घाबरत नाही, १६ चे २४ झाले की घाबरतो.

बाकीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. १९९ केबलच्या चुका मोजतो, तो कधी कमी होत नाही. आजचा लिहून ठेवा, महिन्याने वाढला तर केबल बदला. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ पुढे भलेमोठे आकडे दिसतात, ते तसेच असतात, त्यावरून डिस्क परत करायला धावू नका. आणि तासांचा आकडा पुसताही येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून विकलेल्या काही सीगेट डिस्का हजारो तास वापरलेल्या निघाल्या, वरचे आकडे कुणीतरी शून्य करून ठेवले होते. सीगेटवर ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते, ‘स्मार्टसीटीएल’ या टूलने ती वाचता येते; दोन्हींतल्या तासांत फार फरक असेल तर डिस्क तिथेच ठेवून या.

एनटीएफएस की एक्सफॅट, यावर भावाशी वाद झाला. त्याला मॅकवरही लावायची असते म्हणून तो एक्सफॅट म्हणतो. एक्सफॅटला जर्नल (लिहिण्याच्या कामांची नोंदवही) नाही, लिहिताना वीज गेली तर सावरणं अवघड. आमच्या वाड्यावर चवथीच्या आरतीतही एकदा तरी दिवे जातात, तेव्हा माझ्याकडे एनटीएफएस. शिवाय डेस्कटॉप आणि डॉक दोन्ही छोट्या यूपीएसवर.

सध्या स्थिती अशी. ५०० जीबीची वीतभर केबलसकट एका डब्यात, कार्डं रिकामी करायला. १ टीबीची आणि ३ टीबीची यांच्यात तीच नाटकं दोनदा, एक माझ्याकडे, एक भावाकडे. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवली आहे. १ टीबीवर लिहिलंय: ‘५ = १६, १९९ = ३, दर दोन महिन्यांनी बघ.’ ३ टीबीवर मावसभावाने आपल्या हाताने लिहिलंय: ‘५१२. फॉरमॅट मागितली तर आधी फोन कर.’